मोडकी खाट कोण टाकतं?

वहिनींना घरात मोडकी वस्तू सहन होत नसे. कपाचा कान तुटला की कप त्याच दिवशी बाहेर. गाळणीला भोक पडलं, छत्रीची काडी वाकली, सुरीची मूठ हलायला लागली, की वहिनी ती वस्तू मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरायच्या आणि जिना उतरून घंटागाडीत टाकून यायच्या. माझे थोरले भाऊ, दादा, सातपूरच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते हळहळायचे. त्यांचा एक रेडिओ असाच गेला.

"अहो सिस्टर, पाच मिनिटांचं काम होतं ते," दादा म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम पाच वर्षं पडून राहतं," वहिनी म्हणाल्या. "मला माहिताय."

सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची, त्यामुळे नवराही म्हणायचा. पेठ तालुक्यातल्या आतल्या एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या. सोमवारी पहाटे सीबीएस स्टँडवरून पेठची बस धरायच्या, आठवडाभर तिथल्या गळक्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायच्या. आल्या की चप्पल काढण्याआधी घरभर नजर फिरवायच्या. आठवड्यात काय मोडलं ते त्यांना लगेच दिसायचं. मी त्यांची नणंद. लग्न केलं नाही, आईवडील गेल्यावर दादांकडेच राहिले, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. त्या मला 'वन्सं' म्हणायच्या. आता असं कोणी म्हणत नाही, आणि त्यांच्याही तोंडी त्यात मान किती आणि थट्टा किती हे मला कधी नक्की कळलं नाही.

घरी येणाऱ्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर बघायचं ही त्यांची दुसरी सवय. गॅसवाला, कुरिअरवाला, माझ्या कॉलेजातले प्राध्यापक, कोणी सुटलं नाही. चहा उकळेपर्यंत पाहुण्याच्या दंडाला पट्टा बांधलेला असायचा. "मीठ कमी करा, आणि बायकोवर ओरडणं पण," असा निकाल चहाबरोबर यायचा. स्वतःचं मात्र बघायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मोजलं की गोळी चालू करावी लागते वन्सं. गोळी चालू केली की आपण पेशंट. मग तिकडचं कोण बघणार?"

मला जेवताना वाचलेलं सांगायची खोड आहे. एका रविवारी मी सांगत होते, की श्रीलंका काही श्रीमंत देश नव्हता, तरी बाळंतपणात बायका दगावण्याचं प्रमाण तिथे आपल्या कितीतरी आधी खाली आलं. नुसत्या पैशानं हे ठरत नाही, राज्यकारभार कसा चालतो यावर ठरतं. वर्गात सांगते तशाच आवाजात सांगत असणार. वहिनी भाकरी मोडत ऐकत होत्या.

"ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तिथं मोडकी खाट कोण टाकतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे दवाखान्यात खाट मोडली, तर ती टाकतं कोण? कोणाला विचारून? ते दिलंय का पुस्तकात?"

पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. त्यानंतर मी क्युबा म्हणाले तरी, थायलंड म्हणाले तरी वहिनींचा प्रश्न तोच. "आला सिस्टरचा प्रश्न," म्हणून दादा हसायचे. मीही हसायचे. तो विनोद नव्हता हे मला ती खोली पाहीपर्यंत कळलं नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेले. घाट संपल्यावर बस सोडून जीप, आणि मग उतारावरची पिवळी इमारत. आवारात एक जुनी सरकारी जीप चाकाविना बसलेली होती आणि तिच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला होता. "भोपळे तेवढे आम्ही खातो," वहिनी म्हणाल्या. "ते नोंदीत नाहीत."

मग कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढून त्यांनी व्हरांड्याच्या टोकाची खोली उघडली. दार अर्ध्यावर अडलं. आत छतापर्यंत गंजलेल्या खाटा, दार निखळलेला फ्रिज, काटा वाकलेले वजनकाटे, सलाईनचे स्टँड, फाटून कापूस बाहेर आलेल्या गाद्या, आणि या सगळ्यामागे कुठेतरी पूर्वेची खिडकी. तिची एक उजेडाची पट्टी छताला लागलेली दिसत होती.

"ही आमची बाळंतपणाची खोली," वहिनी म्हणाल्या. "नळ आतच आहे. फरशी पांढरी आहे, वन्सं. खाली आहे, दिसत नाही आता."

"मग बाळंतपणं कुठे होतात?"

त्यांनी मला वॉर्डाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे दोन खिळ्यांना त्यांचीच एक हिरवी साडी पडदा म्हणून बांधलेली होती आणि पडद्यामागे एक टेबल होतं. त्याच्या एका पायाखाली विटा होत्या.

सरकारी मोडकी वस्तू टाकता येत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे वरून समिती यायला हवी, समितीनं वस्तू बघायला हवी आणि ती निकामी झाली असं लिहून द्यायला हवं. तोवर ती वस्तू ज्याच्या ताब्यात असेल त्यानं ती सांभाळायची. समितीला एक अभियंता लागे, आणि अभियंत्याचं पद रिकामं होतं. अभियंता आला तेव्हा समितीवरच्या साहेबांची बदली झाली होती. यात लबाडी कोणाचीच नव्हती. मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले, की वाईट कारभार म्हणजे लाच, वशिला, चोरी. त्या खोलीत कोणी एक रुपया खाल्ला नव्हता.

वहिनींनी एकदा हिंमत केली होती. उन्हाळ्यात शिपायाला हाताशी धरून सगळ्या खाटा व्हरांड्यात काढल्या, खोली धुतली, चुना लावला. काही बायका तिथे बाळंतही झाल्या. मग वळवाच्या पावसात एक पाहणी आली आणि शासकीय मालमत्ता पावसात उघडी ठेवल्याबद्दल वहिनींना नोटीस निघाली. खाटा परत आत गेल्या. "चुना मात्र टिकला अजून," त्या सांगायच्या.

या वस्तू त्यांच्या ताब्यात आल्या कशा, हे त्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितलं. भांडाराचा चार्ज खरा फार्मासिस्टचा. जुन्या फार्मासिस्टची बदली झाली, नवा येईना, तेव्हा चार्ज तात्पुरता सिस्टरकडे द्या असं ठरलं. चार्ज घ्यायचा तर एकेक वस्तू बघून, मोजून सही करायची. पण त्या दिवशी आत एक पहिलटकरीण कळा देत होती आणि मूल पायाळू होतं. फार्मासिस्टला दुपारची जीप गाठायची होती. तो कागद घेऊन दारातच उभा राहिला. "सिस्टर, सही." वहिनींनी हातमोजा काढला, 'सर्व वस्तू तपासून मिळाल्या' याखाली सही केली, दुसरा हातमोजा घातला आणि आत गेल्या.

"मूल?" मी विचारलं.

"वाचलं की. आता आश्रमशाळेत आहे. लय वांड आहे." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "जनरेटर मात्र नव्हता."

यादीत एक जनरेटर होता. आवारात नव्हता. तो कुठल्या केंद्रावर उसना गेला, पुरात गेला की कधी आलाच नाही, कोणालाच सांगता येईना. पण तपासून मिळाला, अशी सही वहिनींची होती.

ही गोष्ट अशीच पडून राहिली असती, पण मुक्ताला दिवस गेले. मुक्ता दादा-वहिनींची एकुलती एक लेक. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती फिनलंडला राहायला गेलेली. वहिनींनी त्या सगळ्या डोंगरातल्या लेकीसुना बाळंतपणातून सोडवल्या होत्या, आणि आता स्वतःच्या लेकीच्या वेळी आपण तिच्यापाशी असावं एवढं एकच त्यांना हवं होतं. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

रविवारी मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला की आम्ही तिघं टेबलाभोवती बसायचो. ती सांगायची, इथे तपासणीला पैसे पडत नाहीत, दर वेळी तीच सुईण असते, आणि बाळ व्हायच्या आधी सरकार घरी एक मोठा खोका पाठवतं. त्यात बाळाचे कपडे, दुपटी, थंडीचं अंगडं, सगळं. तळाला छोटी गादीसुद्धा असते, म्हणजे बाळ खोक्यातच झोपू शकतं.

"सरकार खोका पाठवतं?" दादा म्हणाले. "आपल्याकडं सरकारचा खोका म्हटलं की माणसं घाबरून दाराला कडी लावतील."

वहिनी हसल्या नाहीत. "मुक्ते, तुझ्या त्या सुईणीला एक विचार. त्यांच्याकडं टेबल मोडलं तर टाकायला कोणाची परवानगी लागते?"

"आई, मी हे कसं विचारू तिला?"

"विचार. आईनं विचारलंय म्हणून सांग."

पुढच्या रविवारी मुक्तानं उत्तर आणलं. सुईणीला आधी प्रश्नच कळला नव्हता. मग ती म्हणाली, की मोडलं तर मी फोन करते, एक-दोन दिवसांत माणसं येऊन घेऊन जातात.

"फोन करते?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"कोण, ती स्वतः? सुईण?"

"हो गं आई."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी घासताना मला म्हणाल्या, "तिथली माणसं काही आपल्यापेक्षा चांगली नसणार, वन्सं. तिथं चांगलं वागायला एवढा जोर लावावा लागत नसेल, इतकंच." मी राज्यशास्त्रावर बरंच वाचलं आहे. या वाक्याच्या पुढे जाणारं फारसं सापडलेलं नाही.

त्यांनी परदेशी जायच्या रजेचा अर्ज केला. वरच्या ऑफिसात सगळे त्यांच्याशी नीट वागले. लेकीचं बाळंतपण म्हटल्यावर साहेबांनी चहा मागवला. रजेला हरकत नव्हती. फक्त भांडाराचा चार्ज कोणाकडे तरी देऊन जा, म्हणाले. आणि सुदैवानं आता केंद्राला नवा फार्मासिस्टही मिळाला होता. निफाडकडचा तरुण मुलगा, नुकतं लग्न झालेला. तो यादी घेऊन खोलीत शिरला, धुळीनं माखून बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं आहे. जनरेटर दाखवा, मी आत्ता सही करतो."

वहिनींना त्याचा राग आला नाही. "बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "मी पण तेव्हा असंच म्हणायला हवं होतं."

दादांना मात्र राहवेना. एका शनिवारी ते उत्साहानं म्हणाले, "सिस्टर, सोपं आहे. अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडून एक जुना जनरेटर उचलतो, टेम्पोत घालतो आणि नेऊन ठेवतो तुमच्या खोलीत. यादी जुळली. तुम्ही विमानात."

वहिनींनी क्षणभर खरंच विचार केला असावा. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते दादांना खूश करणारं हसू नव्हतं. "म्हणजे आणखी एक मोडकी वस्तू माझ्या नावावर. आणि त्याचा नंबर निराळा निघाला, तर दोन जनरेटर. एक नसलेला आणि एक चोरीचा."

रजेचा अर्ज 'चार्ज हस्तांतरित करून पुन्हा सादर करावा' असा शेरा घेऊन परत आला. त्यांनी तो पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला. मुक्ताचे दिवस भरत आले. वहिनींनी बाळासाठी जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवली आणि ओळखीतल्या एका मुलाबरोबर पाठवली. मग आम्ही त्या विषयावर बोलायचं बंद केलं. शनिवारी त्या यायच्या, घरभर नजर फिरवायच्या, काही मोडलेलं सापडलं तर टाकून यायच्या.

मुक्ताला कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा वहिनी केंद्रावर होत्या. तिथे पाण्याच्या टाकीमागे उभं राहिलं तरच रेंज मिळायची. मी सकाळपासून फोन लावत होते, तर 'संपर्क क्षेत्राबाहेर'. दुपारी जावयांनी मुलगी झाल्याचं कळवलं, फोटो पाठवला. दादा फोटो मोठा करून नाक कोणासारखं ते बघत बसले. वहिनींचा फोन उन्हं कलल्यावर आला. मागे कावळे ओरडत होते.

"झाली का मोकळी?"

"झाली. मुलगी आहे. दोघी छान आहेत, वहिनी. मी सकाळपासून..."

"इथं पण एक होती पडद्यामागं. नाळ गळ्याभोवती होती पोराच्या. विटा सरकल्या मधेच, गावच्या आशाताईनं टेबल धरून ठेवलं." मागे पुन्हा कावळे ओरडले. "हात कामात होते माझे. पण मनात मुक्ताच चालली होती सारखी."

"वहिनी..."

"तिला सांगा, खोका जपून ठेव. टाकू नको. मला बघायचाय तो."

मोडक्या वस्तू टाकणाऱ्या वहिनी कोणाला काही जपून ठेव म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

निवृत्ती आता जवळ आली होती. "तेव्हा तर सोडतीलच की," त्या म्हणायच्या. दादा जोरात "मग काय!" म्हणायचे. चार्ज दिल्याशिवाय निवृत्तीचेही कागद पुढे सरकत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी जाड लोकर आणली, आणि बसमध्ये बसून नातीसाठी टोपरं विणायला घेतलं.

एका सोमवारी पहाटे त्या नेहमीसारख्या डबा भरत होत्या. झाकण लागत नव्हतं. "हे पण बिघडलं वाटतं," असं काहीसं म्हणाल्या, पण शब्द जड आले. मी बघितलं तर झाकण बरोबर होतं. त्यांचा उजवा हात उचलला जात नव्हता. आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी कोणती चालू होती? दादांनी माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

महिन्याभरानं केंद्रावरून फोन आला. समिती येणार होती. कर्मचारी मयत झाल्यावर भांडाराचा पंचनामा करावाच लागतो, आणि तो मुदतीत करावा लागतो. वारस म्हणून दादांना बोलावलं होतं. त्यांच्याबरोबर मी गेले.

साहेब आले होते, अभियंता आला होता, लिपिक आला होता. मुक्ता सांगायची तसं एका फोनवर सगळं जमलं असावं. वस्तू एकेक करून बाहेर निघाल्या. खाट, निकामी. खाट, निकामी. फ्रिज, निकामी. जनरेटरपाशी लिपिक थांबला. साहेब म्हणाले, "लिहा, आढळून आला नाही. संबंधित कर्मचारी मयत असल्याने प्रकरण बंद." मग त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "मिटलं बघा, काका. तुमच्यामागं काही नाही लागणार." ते मनापासून बोलत होते. दादांनी हात जोडले. नवा फार्मासिस्ट भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पंचनामा होईतो भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी आलाच होता. जेवणाच्या आत खोली रिकामी झाली. मी उंबऱ्यात उभी राहिले. फरशी खरंच पांढरी होती. भिंतीवर चुना होता आणि पूर्वेच्या खिडकीतून सगळ्या खोलीभर ऊन पडलं होतं. आशाताई आत गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ.

व्हरांड्यात पाड्यावरची एक म्हातारी सुनेला घेऊन बसली होती. सुनेचे दिवस भरलेले दिसत होते. म्हातारी कोणालाच उद्देशून बोलत नव्हती. "बाई मेली तवा खोली उघडली. जित्ती होती तवा नाय आलं कोणी."

साहेबांनी ते ऐकलं असावं. ते चष्मा पुसत राहिले.

त्या हिवाळ्यात मुक्ता लेकीला घेऊन आली. बॅगेत तो खोका घडी करून आणला होता. "आईला बघायचा होता," ती म्हणाली. आम्ही तो उलगडून बैठकीत ठेवला. पांढरा, आत छोटी गादी. प्रवासात एक कोपरा चेपला होता. नात आता मोठी झालेली, खोक्यात मावेना, तरी तिला त्यात बसायचं होतं. दादांनी तिला बसवलं, आणि मग उठून आत गेले.

मुक्ता परत गेली. खोका इथेच आहे. त्याचा कोपरा आता पुरता फाटला आहे. कान तुटलेला एक कप आहे, दांडी हललेली कढई आहे, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आहे. हे सगळं टाकायला हवं. सकाळी मी एखादी वस्तू दोन बोटांत उचलते, जिन्यापर्यंत नेते आणि परत आणून ठेवते.

"काय झालं?" दादा विचारतात.

"घंटागाडी गेली," मी म्हणते.

खाली गाडीचं गाणं अजून वाजत असतं. दादांना ते ऐकू येतं.